आजोबांच्या गोळ्यांचा डबा आणि लेकीचे बाळंतपण

पावसाळा सरत आला असताना एका संध्याकाळी भिवंडीतील माझ्या दवाखान्यात पासष्टीच्या एक आजी आल्या. त्यांचे यजमान माझे जुने रुग्ण. यंत्रमागावर जॉबर म्हणून तीसेक वर्षे उभ्याने काम केलेले, त्यामुळे दोन्ही गुडघे झिजलेले. आजींच्या हातात गोळ्यांची संपत आलेली पट्टी होती. मला वाटले, नवी पट्टी लिहून घ्यायला आल्या असतील. पण त्या म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, लेक बाळंतपणाला आलीय. आठवा लागलाय. कंबर फार धरते तिची. ह्यांची ही गोळी ह्यांना चांगली लागू पडते. तिला अर्धी दिली तर चालेल ना?"

मी पट्टी उजेडात धरली. डायक्लोफेनॅक ५० मिलिग्रॅम आणि मिसोप्रोस्टॉल २०० मायक्रोग्रॅम. चिठ्ठी माझ्याच हातची होती.

आजींनी विचारले, म्हणून अनर्थ टळला. आपल्याकडे अशा गोष्टी विचारण्याची रीत नाही. घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रीने आपल्या अनुभवावर विसंबून औषध द्यावे आणि लेकीने किंवा सुनेने ते निमूट घ्यावे, हीच रीत. या लेखात मला आपल्याशी, म्हणजे ज्यांच्या उशाशी गोळ्यांचा डबा असतो त्यांच्याशी आणि तो डबा सांभाळणाऱ्यांशी, याच विषयावर बोलायचे आहे. बाळंतपण सुरक्षित करणारे संशोधन आणि आपल्या घरातला औषधांचा डबा या दोन गोष्टी वाटतात तितक्या एकमेकींपासून दूर नाहीत. त्या पट्टीवरच्या दुसऱ्या नावात तर त्या अक्षरशः एकत्र आल्या आहेत.

मिसोप्रोस्टॉलची कथा मोठी विलक्षण आहे. १९७३ मध्ये अमेरिकेतील सर्ल या कंपनीच्या प्रयोगशाळेत ते तयार झाले आणि १९८८ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली ती पोटासाठी. संधिवाताच्या रुग्णांना वर्षानुवर्षे वेदनाशामके घ्यावी लागतात, त्यांनी जठराच्या अस्तराला जखमा होतात. त्या होऊ नयेत म्हणून हे औषध. आपल्या शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने असतात. त्यांतले एक जठराचे अस्तर राखते. मिसोप्रोस्टॉल ही त्याचीच कृत्रिम आवृत्ती. पण हेच रसायन गर्भपिशवीलाही आकुंचन पावायला लावते. म्हणून म्हाताऱ्या माणसांच्या पोटासाठी निघालेले औषध काही वर्षांतच प्रसूतितज्ज्ञांच्या हाती गेले.

त्याने तिथे काय केले, हे समजण्यासाठी बाळंतपणातला सर्वांत नाजूक क्षण डोळ्यांपुढे आणा. बाळ जन्मले, वार पडली, घरात पेढ्यांची बोलणी सुरू झाली. जिथून वार सुटली तिथे उघड्या रक्तवाहिन्यांची एक मोठी जखम असते. दिवस भरलेल्या गर्भपिशवीतून मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहूनही अधिक रक्त वाहत असते. गर्भपिशवी मुठीसारखी घट्ट आवळली, तर तिच्या स्नायूंच्या दाबाने या रक्तवाहिन्या बंद होतात. ती सैल राहिली, तर हसतखेळत असलेली बाळंतीण तास-दोन तासांत हातची जाऊ शकते. आपल्या देशात मातामृत्यूंचे सर्वांत मोठे कारण हा रक्तस्रावच आहे. गर्भपिशवी आवळण्यासाठी ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देतात. ते उत्तम काम करते. परंतु ते शीतपेटीत ठेवावे लागते आणि टोचायला प्रशिक्षित हात लागतो. ज्या गावात वीज बेभरवशाची आणि बाळंतपण घरी, तिथे काय करायचे?

या प्रश्नाचे एक महत्त्वाचे उत्तर आपल्या शेजारून, बेळगावहून आले. तिथल्या केएलई संस्थेच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी अमेरिकेतील सहकाऱ्यांबरोबर २००२ ते २००५ या काळात जिल्ह्यातील खेड्यांत एक चाचणी केली. घरी किंवा उपकेंद्रावर, नर्सबाईंच्या हाताखाली बाळंत होणाऱ्या १,६२० स्त्रिया तीत सहभागी होत्या. निम्म्या जणींना बाळ जन्मल्यावर लगेच ६०० मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉल तोंडाने दिले, उरलेल्यांना तशाच दिसणाऱ्या निरौषधी गोळ्या. अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. १८ जणींना गोळ्या दिल्या की एकीचा अतिरक्तस्राव टळत होता. २००६ मध्ये हे निष्कर्ष 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. साध्या तापमानाला टिकणारी, कोणत्याही नर्सबाईंच्या पिशवीत मावणारी गोळी हे काम करू शकते, हे त्यातून दिसले. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या उपयोगासाठी मिसोप्रोस्टॉलचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला.

बेळगावच्या त्याच कामातून आणखी एक वस्तू निघाली. मला तिचे महत्त्व गोळीइतकेच वाटते, आणि घरातल्या आजींना तर ते अधिक वाटावे. किती रक्त गेले हे मोजायचे कसे, असा प्रश्न त्या डॉक्टरांपुढे होता. त्यांनी बाळंतिणीच्या खाली पसरायची एक प्लास्टिकची चादर तयार केली. तिला खाली निमुळती, मापाच्या खुणा असलेली पिशवी जोडलेली होती. मग त्यांनी डोळ्यांनी केलेला अंदाज आणि पिशवीतले माप यांची तुलना केली. डोळ्यांचा अंदाज सुमारे ३३ टक्क्यांनी कमी भरला. हे डोळे प्रसूतीचे प्रशिक्षण घेतलेल्या माणसांचे होते! मग "बाळंतपणात एवढे जायचेच" असे म्हणणाऱ्या आपल्या आत्याबाईंच्या अंदाजाचे काय सांगावे?

पुढे मापाची अशीच चादर पसरून आफ्रिकेतील केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या चार देशांतील ८० रुग्णालयांत मोठा अभ्यास झाला. दोन लाख दहा हजारांवर स्त्रियांची नोंद त्यात आहे. रक्त मोजायचे आणि ठरावीक मर्यादा ओलांडताच गर्भपिशवी चोळणे, आकुंचनाचे औषध, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, सलाइन आणि तपासणी हे सारे एकदमच सुरू करायचे, एकाचा गुण येतो का याची वाट पाहत दुसरे लांबवायचे नाही, एवढाच नियम. तीव्र रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावे लागणे किंवा त्याने मृत्यू होणे या एकत्रित घटनांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले. हे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात नवे औषध एकही नव्हते. नवे होते ते मोजणे आणि वेळ न दवडणे.

म्हणून लेक किंवा सून बाळंत झाल्यावर आपण तिच्याजवळ बसाल तेव्हा बाळाकडे पाहाच, पण दर थोड्या वेळाने तिच्या पॅडकडेही पाहा. एका तासात पूर्ण पॅड भिजला, मोठ्या गुठळ्या पडू लागल्या, तिला गरगरू लागले, घाम फुटला किंवा ती उगाचच अस्वस्थ झाली, तर नर्सला बोलवा आणि ती येऊन पाहीपर्यंत हलू नका. घरी आल्यावरही पहिले सहा आठवडे हा धोका पूर्णपणे जात नाही. घरी असे झाले तर सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांक फिरवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार महाराष्ट्रात ९४.७ टक्के प्रसूती रुग्णालयांत होतात. ही मोठीच मजल आहे. पण साध्या प्रसूतीनंतर दोन-तीन दिवसांत बाळंतीण घरी येते आणि पुढची पाळत आपल्यावरच असते.

आता पुन्हा त्या पट्टीकडे वळू.

बेळगावच्या चाचणीत गोळ्या कधी दिल्या, हे लक्षात घ्या: बाळ बाहेर आल्यावर. बाळ आत असताना तेच औषध अगदी वेगळे वागते. कळा सुरू करण्यासाठी डॉक्टर ते वापरतात, पण जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मात्रा आहे फक्त २५ मायक्रोग्रॅम, दर दोन तासांनी, बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून. आजोबांच्या गुडघ्याच्या गोळीत २०० मायक्रोग्रॅम असतात. म्हणजे आठपट. आजींनी अर्धी गोळी दिली असती तरी ती चौपट ठरली असती, तीही आठव्या महिन्यात, घरातल्या पलंगावर. अवेळी कळा, अपुऱ्या दिवसांचे बाळ, वार सुटणे, यांपैकी काहीही घडू शकले असते. पहिले बाळंतपण सिझेरियनने झालेले असेल, तर जुन्या टाक्यावर गर्भपिशवी फाटण्याची भीती असते; म्हणून अशा स्त्रीला कळा आणण्यासाठी हे औषध रुग्णालयातसुद्धा देत नाहीत. आणि दिवस नुकतेच गेलेले असताना घेतले तर काय होते, याचा दुःखद धडा ब्राझीलने दिला आहे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे ही गोळी अल्सरचे औषध म्हणून दुकानात सहज मिळे आणि अनेक स्त्रिया गर्भपातासाठी ती स्वतःच घेत. काहींचा गर्भ टिकला. पण जन्मलेल्या काही बाळांच्या चेहऱ्याच्या नसा लुळ्या होत्या, काहींचे हातपाय अधू होते. चेहऱ्याच्या लुळेपणाचा हा विकार घेऊन जन्मलेल्या ९६ बाळांच्या मातांना विचारले तेव्हा त्यांतल्या ४७ जणींनी गरोदरपणात मिसोप्रोस्टॉल घेतल्याचे सांगितले. १९९८ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला.

हे सारे मला त्या संध्याकाळच्या आधीही ठाऊक होते. मग मी काय चुकलो? आजोबांना गोळी देताना मी त्यांचे पोट विचारले, मूत्रपिंडाचा अहवाल पाहिला, रक्तदाब मोजला. घरात कोण कोण राहते, हे विचारले नाही. वयस्कर रुग्णापुढे बसल्यावर गर्भारपणाचा विचार आम्हां डॉक्टरांच्या मनाला शिवत नाही. आता मी विचारतो. आपणही विचारण्याची वाट न पाहता सांगावे: "डॉक्टर, घरात सून गरोदर आहे", "लेक बाळंतपणाला येणार आहे." तेवढ्याने चिठ्ठी बदलू शकते. त्या आजोबांची बदलली.

पट्टीवरचे पहिले नावही निरुपद्रवी नाही. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक ही वेदनाशामके ज्येष्ठांच्या घरात साखरेइतकी सर्रास असतात. गरोदरपणाचे २० आठवडे उलटल्यावर ती घेतली, तर बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन भोवतालचे गर्भजल कमी होऊ शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये तसा इशारा दिला. शेवटच्या तिमाहीत बाळाच्या हृदयाजवळची, जन्मानंतरच बंद व्हायची एक रक्तवाहिनी आधीच आकसू शकते. गुडघ्याला चोळायचे डायक्लोफेनॅकचे मलमही त्या महिन्यांत लेकीच्या कमरेला लावू नये. रक्तदाबाच्या गोळ्यांचेही तसेच. लेकीचा रक्तदाब वाढला की "माझी बीपीची गोळी घे" हे वाक्य मी अनेक घरांत ऐकले आहे. टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल, रॅमिप्रिल या गोळ्या आपल्या हृदयाला आणि मूत्रपिंडाला राखतात, पण गर्भातल्या बाळाच्या मूत्रपिंडाला इजा करतात. गरोदर स्त्रीसाठी रक्तदाबाची औषधे वेगळी असतात आणि तिचा वाढलेला रक्तदाब ही घरी हाताळायची गोष्ट नव्हे.

ॲस्पिरिनबद्दल मात्र जरा गोंधळ होतो. आजोबांना हृदयासाठी दिलेली छोटी ॲस्पिरिन कधी कधी गरोदर लेकीच्या चिठ्ठीवरही दिसते, आणि घरचे म्हणतात, "मग डब्यातलीच देऊ की." या छोट्या मात्रेचा पहिलटकरणींवर मोठा अभ्यास झाला, त्यात नागपूर आणि बेळगाव ही दोन भारतीय केंद्रे होती. सुमारे बारा हजार स्त्रियांच्या या अभ्यासात अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचे प्रमाण १३.१ टक्क्यांवरून ११.६ टक्क्यांवर आले. म्हणजे उपयोग आहे. पण कोणी घ्यायची, केव्हा सुरू करायची, केव्हा थांबवायची हे तिच्या डॉक्टरांनी ठरवायचे असते. शिवाय डब्यातल्या पट्टीत ॲस्पिरिनबरोबर कोलेस्टेरॉलचे किंवा रक्त पातळ करणारे दुसरे औषधही मिसळलेले असू शकते, आणि ते नाव दुकानदाराच्या कात्रीने कधीच कापले गेलेले असते.

आतापर्यंत मी पोटात जाणाऱ्या औषधांबद्दल बोललो आणि खरा, मोठा धोका तोच आहे. परंतु काही औषधे अशी आहेत की त्यांचा भुगा आणि सांडलेला अंशही गरोदर स्त्रीपासून दूर ठेवायला हवा. भिवंडीत राहणाऱ्यांना हे समजावायला फार कष्ट पडू नयेत. कारखान्यात माग चालू असले की सुताचे बारीक तंतू खिडकीच्या गजांवर, पाण्याच्या माठावर, झोपलेल्या पोराच्या भुवयांवरसुद्धा बसतात. कुणी आणून टाकलेले नसतात, हवेने येतात. गोळीचा भुगाही तसाच असतो, फक्त दिसत नाही.

माझ्या पाहण्यातल्या एका घरात आजोबा गोळीचे दोन तुकडे सुपारीच्या अडकित्त्याने करत. त्याच अडकित्त्याने मग सगळ्यांसाठी सुपारी कातरली जाई. दुसऱ्या एका घरी गिळता न येणाऱ्या आजींसाठी सून गोळ्या खलबत्त्यात कुटून मधातून देई. त्याच खलबत्त्यात दुपारी वेलदोडे. कुटणारी बहुधा सूनच असते, आणि गर्भाचे अवयव घडतात ते पहिले दोन-अडीच महिने. त्यांतले पहिले काही आठवडे आपल्याला दिवस गेले आहेत हे तिलाच ठाऊक नसते. म्हणून "ती गरोदर असल्याचे कळल्यावर बघू" हा हिशेब चुकतो. घरात दिवस राहण्याच्या वयाची स्त्री असेल तर ही काळजी कायमचीच घ्यावी.

कोणत्या गोळ्यांबद्दल हे? सर्वांत आधी मेथोट्रेक्सेट. आमवात किंवा सोरायसिससाठी ती आठवड्यातून एकदाच घेतात. (रोज घेतल्याने रुग्ण दगावले आहेत, तिचा वार मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.) ती पेशींची वाढ रोखते आणि गर्भ म्हणजे वाढणाऱ्या पेशीच. दुसऱ्या, कर्करोगावरच्या गोळ्या. आता यांतल्या बऱ्याच घरीच घेतल्या जातात. तिसऱ्या, प्रोस्टेटच्या: फिनास्टराइड आणि ड्युटास्टराइड. ही औषधे पुरुष संप्रेरकावर काम करतात, त्यामुळे गर्भ मुलाचा असेल तर त्याच्या जननेंद्रियांच्या घडणीत बिघाड होऊ शकतो. ड्युटास्टराइड कातडीतून शोषले जाते. त्याची कॅप्सूल फुटली किंवा गळत असली तर गरोदर स्त्रीने तिला हात लावू नये, लागलाच तर लगेच साबणाने धुवावा. आणि चौथे आपले मिसोप्रोस्टॉल. कामाच्या ठिकाणच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या 'नायॉश' या अमेरिकी संस्थेने हाताळायला धोकादायक औषधांच्या यादीत या औषधांचा समावेश केला आहे.

घाबरून डबा बाहेर फेकू नका. वेष्टन शाबूत असलेली अखंड गोळी पट्टीतून काढून हातावर ठेवल्याने सहसा काही होत नाही. तोडणे, कुटणे, विरघळवणे आणि सांडणे, एवढेच टाळायचे आहे. या गोळ्या अर्ध्या करायची वेळ आली तर डॉक्टरांना कमी मात्रेची गोळी मागा. गिळता येत नसेल तर पातळ औषध मिळते का ते विचारा. ज्यांचे औषध त्यांनीच किंवा घरातल्या पुरुषाने काढून द्यावे. हा कामाचा भाग मुलाने उचलावा, असे मी आग्रहाने सांगतो. आपल्या घरांत त्याला गोळ्यांची नावेही ठाऊक नसतात.

गोळीचा भुगा किंवा पातळ औषध सांडलेच, तर पहिल्यांदा गरोदर स्त्रीला आणि लहान मुलांना दुसऱ्या खोलीत पाठवा. मग पंखा बंद करा. हे विसरले जाते, आणि नेमके तेच महत्त्वाचे. केरसुणी घेऊ नका. झाडल्याने भुगा उडतो. औषधाच्या दुकानात मिळणारे, एकदा वापरून टाकायचे हातमोजे घाला, ते नसतील तर हातावर प्लास्टिकच्या पिशव्या चढवा. टिश्यू किंवा जुने फडके पाण्याने ओले करून कडेकडून मध्याकडे टिपत या, म्हणजे डाग पसरत नाही. टिपलेले सारे, हातमोज्यांसकट, एका पिशवीत घालून तोंड बांधा आणि ती दुसऱ्या पिशवीत घाला. मग जागा साबणाच्या पाण्याने दोनदा आणि साध्या पाण्याने एकदा पुसा, शेवटी हात साबणाने चोळून धुवा. सॅनिटायझरने जंतू मरतात, औषध जागच्या जागीच राहते. पोळपाटावर, विळीवर किंवा खलबत्त्यात यांपैकी एखादी गोळी फोडली असेल, तर लाकडी वस्तू स्वयंपाकातून बादच करा. धातूची वस्तू अशीच दोनदा धुऊन वेगळी ठेवा.

केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णाच्या लघवीत, उलटीत आणि विष्ठेत औषधाचा अंश साधारण ४८ तास येत राहतो. त्या काळात शौचालयात भरपूर पाणी टाकावे, बेडपॅन साफ करणाऱ्याने हातमोजे घालावेत, माखलेले कपडे इतरांच्या कपड्यांत न मिसळता वेगळे धुवावेत. गरोदर सुनेने हे काम करू नये. सासऱ्यांची सेवा दुसऱ्या कुणी दोन दिवस केली तर तिच्या कर्तव्यात उणेपणा येत नाही. हे तिला आपण वडीलधाऱ्यांनीच, स्वतःहून सांगायला हवे, कारण ती आपल्यापुढे हे बोलणार नाही.

उरलेल्या आणि मुदत संपलेल्या गोळ्यांचे काय करावे, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर अजून आपल्या शहरांपाशी नाही, याची मला खंत वाटते. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी मुदतबाह्य औषधांना घरगुती घातक कचरा मानले आणि तो वेगळा द्यायला सांगितले. केरळने २०२५ मध्ये कोझिकोडपासून घराघरांतली नको असलेली औषधे गोळा करण्याची योजना सुरू केली. त्याच वर्षी केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेच्या मार्गदर्शनात मॉर्फिन, फेंटानिल, ट्रॅमाडॉल यांसारखी १७ औषधे मात्र चुकून कुणाच्या पोटात जाऊन जीव जाऊ नये म्हणून शौचालयात सोडून द्यावीत, असे सांगितले आहे. बाकीची मोरीत किंवा शौचालयात टाकू नका. औषधविक्रेता परत घेत असेल तर त्याला द्या. कर्करोगाच्या गोळ्या जिथे उपचार चालू आहेत त्या रुग्णालयात परत करा. दुसरा मार्गच नसेल तर साध्या गोळ्या वेष्टनातून काढून, न कुटता, चहाच्या चोथ्यात मिसळाव्यात आणि पिशवीचे तोंड घट्ट बांधून वेगळ्या द्याव्यात. चोथ्यामुळे कचरा वेचणाऱ्या पोराला त्या उचलाव्याशा वाटत नाहीत. वर लिहिलेल्या चार प्रकारांना हा मार्ग वापरू नका.

आणि बाळंतिणीच्या गोळ्याही डब्याबाहेर नकोत. तिच्या लोहाच्या गोळ्या रंगीत, गोड वेष्टनाच्या असतात. घरात आधीचे दोन-तीन वर्षांचे पोर असेल तर मूठभर लोहाच्या गोळ्या त्याच्या जिवावर बेतू शकतात. आजोबांची मधुमेहाची एखादी ग्लिमेपिराइडची गोळीसुद्धा तेवढ्या पोराची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरवू शकते. मुलाने काही गिळल्याचा संशय आला तर उलटी करवत बसू नका. पट्टी घेऊन थेट रुग्णालय गाठा.

त्या संध्याकाळी मी आजींना लेकीला घेऊन यायला सांगितले. तपासले तेव्हा कमरेचे दुखणे साधेच निघाले. कुशीवर झोपणे, पायांत उशी, शेक, आणि फारच दुखले तर तिच्या प्रसूतितज्ज्ञांना विचारून पॅरासिटामॉल. आजोबांची गोळी बदलली. दिवस भरल्यावर ती सरकारी रुग्णालयात बाळंत झाली, मुलगी झाली. नंतर आजी पेढे घेऊन आल्या तेव्हा म्हणाल्या, नर्सबाईंनी बाळ होताच मांडीत सुई टोचली आणि पहिला तासभर सारखे पोट दाबून पाहत होत्या, "मी म्हटलं, अहो दुखतंय तिला. तर त्या म्हणाल्या, आजी, दुखू दे." मग पिशवीतून त्यांनी पत्र्याचा एक बिस्किटांचा डबा काढला. त्यात घरातल्या सगळ्या जुन्या पट्ट्या होत्या, काही २०११ च्या. आम्ही दोघे त्या टेबलावर मांडून नावे वाचत बसलो. बाहेर रुग्ण खोळंबले होते.